प्रोबेट गेले, हिशेब कोण मागणार?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातले कलम २१३ काढून टाकले आणि मुंबईतल्या अनेक घरांनी हुश्श केले. मुंबईत केलेले किंवा मुंबईतल्या स्थावर मिळकतीबद्दलचे मृत्युपत्र हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन माणसाचे असेल, तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, घेतल्याशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नव्हता. पारशांनाही मुंबईत केलेल्या मृत्युपत्रासाठी हीच अट होती. चेन्नई आणि कोलकात्याची तीच गत. पुण्यात बसून पुण्याच्या घराचे मृत्युपत्र केले, तर मात्र कुणी प्रोबेट विचारत नव्हते. मुसलमानांना ही सक्ती कधीच नव्हती, भारतीय ख्रिश्चनांची २००२ मध्ये संपली. कुणी कोर्टाची पायरी चढायची आणि कुणी नाही, हे माणसाच्या धर्मावरून आणि इंग्रजांच्या काळातल्या हद्दीवरून ठरत होते. त्याचे समर्थन करणे कठीण होते. ते कलम गेले, बरे झाले.

मात्र त्याच्याबरोबर आणखी काय गेले, याची चर्चा फारशी झाली नाही. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाने मारलेला शिक्का, एवढेच आपण धरून चालतो. त्या शिक्क्यामागे एक जबाबदारी येत होती. याच कायद्याच्या कलम ३१७ प्रमाणे एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी त्यातच नेमलेल्या माणसाने, प्रोबेट मिळाल्यापासून ६ महिन्यांत मृताच्या सगळ्या मालमत्तेची, येण्याची आणि देण्याची यादी कोर्टात द्यायची असते. वर्षाच्या आत हिशेब द्यायचा असतो: हाती काय आले आणि त्याचे काय केले. प्रोबेटच्या कागदावरच ही हमी लिहिलेली असते. आता या मुदती कधीपासून मोजायच्या ते पाहा. प्रोबेट मिळाल्यापासून. प्रोबेट घेतलेच नाही तर मुदत सुरू होत नाही, आणि सुरूच न झालेली मुदत उलटतही नाही. एक्झिक्युटरने अमुक काळात आपणहून हिशेब मांडावा, असे सांगणारी दुसरी तरतूद या कायद्यात नाही.

प्रोबेटची सक्ती परत आणा असे मी म्हणत नाही. हिशेबाची सक्ती प्रोबेटच्या शेपटाला बांधलेली होती, ती सोडवून स्वतंत्र करायला हवी होती. ते राहून गेले, आणि त्याचा त्रास प्रामाणिक एक्झिक्युटरलाही होणार आहे.

एक्झिक्युटरच्या हाती कायदा किती सत्ता देतो याची कल्पना मृत्युपत्र लिहिणाऱ्यांनाही क्वचित असते. कलम २११ म्हणते की मृताची सगळी मालमत्ता एक्झिक्युटरच्या ठायी येते आणि सर्व कामांसाठी तोच मृताचा कायदेशीर प्रतिनिधी असतो. ही मालकी नव्हे. पण बाहेरून पाहणाऱ्याला ती मालकीसारखीच दिसते. भाडेकरूकडून भाडे तो घेणार, मृताने लावलेले दावे तो चालवणार, मृतावरच्या दाव्यांना उत्तर तो देणार, मृताचे राहिलेले प्राप्तिकराचे विवरणही तोच भरणार. कलम ३०७ खाली मालमत्ता विकण्याचाही अधिकार त्याला आहे. हिंदूच्या मृत्युपत्रात स्थावराबाबत काही बंधन घातले असेल तर ते त्याला पाळावे लागते, नसेल तर घरही तो विकू शकतो. एकाहून जास्त एक्झिक्युटर नेमले असतील आणि मृत्युपत्रात वेगळे सांगितले नसेल, तर सगळे अधिकार कुणाही एकाला वापरता येतात. मात्र त्या एकाने मृत्युपत्र कोर्टात शाबित केलेले असावे लागते. त्याच्या नावाला मृत्युपत्र लिहिणाऱ्याने स्वतः पसंती दिली, हे या सगळ्या अधिकारांचे मूळ. म्हणूनच त्याचा अधिकार मृत्युपत्रातून आणि मृत्यूच्या क्षणापासून येतो असे मानतात. कोर्ट त्यावर फक्त मोहोर उठवते.

या विश्वासाचा एक परिणाम मला नेहमी विचारात पाडतो. मृत्युपत्र नसेल किंवा त्यात एक्झिक्युटर नसेल, तर कोर्ट अॅडमिनिस्ट्रेटर नेमते आणि त्याच्याकडून बाँड लिहून घेते. काही गैर केले तर भरपाईची सोय आधीच झालेली असते. एक्झिक्युटरवर कायदा अशा बाँडची सक्ती करत नाही, फार तर प्रोबेट देताना काही प्रकरणांत कोर्ट तो मागू शकते. मृताने ज्याला निवडले त्याची खात्री कोर्टाने पुन्हा कशाला करावी, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण मग कलम ३१७ मधली यादी आणि हिशेब हीच त्या विश्वासाबदल्यात सक्तीने घेतलेली एकमेव गोष्ट उरते. ती प्रोबेटबरोबर ऐच्छिक झाली, तर विश्वासाच्या बदल्यात काहीच उरत नाही.

आता कर्तव्यांकडे. घरोघरचा समज असा की एक्झिक्युटर म्हणजे वाटणी करणारा. प्रत्यक्षात वाटणी हे त्याचे शेवटचे काम आहे. आधी त्याने वाजवी तत्परतेने मालमत्ता आणि मृताची येणी गोळा करायची. मग पैसे द्यायचे ते कायद्याने लावून दिलेल्या क्रमाने. अंत्यसंस्काराचा बेताचा खर्च, शेवटच्या आजारातले वैद्यकीय बिल आणि मृत्यूआधीच्या एका महिन्याचा राहण्याजेवण्याचा खर्च सगळ्यांत आधी. नंतर प्रोबेट आणि त्याच्याशी निगडित कोर्टाचा खर्च. त्यानंतर मृताकडे काम करणाऱ्या मजुराची, कारागिराची किंवा घरकाम करणाऱ्याची शेवटच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी. इतर देणी त्याच्यामागून. १९२५ साली, वसाहतीच्या राज्यात लिहिलेल्या कायद्याने मोलकरणीच्या पगाराला उधारी मागणाऱ्या व्यापाऱ्याच्या पुढे उभे केले, याचे मला कौतुक वाटते. किती घरांत हा क्रम पाळला जातो, हा वेगळा प्रश्न. आजींकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या बाईंना तेराव्यानंतर एक साडी देऊन निरोप दिला जातो आणि राहिलेल्या पगाराचा विषय निघत नाही. एक्झिक्युटरने तिचा पगार यादीत लिहायलाच हवा असे असते, तर तो विषय निघाला असता.

सगळी देणी भागवून उरेल ते मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे. इथेही कायदा घाई करत नाही. मृत्यूपासून वर्षभर एक्झिक्युटरवर कुणाचा हिस्सा देण्याची सक्ती नाही, मृत्युपत्रात लवकर द्या असे लिहिले असले तरी. आणि त्याची संमती असल्याशिवाय मिळकत घेणाऱ्याचा हक्क पुरा होत नाही. नेमके हेच वर्ष घराघरांत धुसफुशीचे असते. धाकट्या भावाला वाटते दादा मुद्दाम लांबवतोय; दादाला वाटते, कर्जाचा आकडा कळल्याशिवाय मी कसे देऊ? दोघेही बरोबर असू शकतात. मात्र धाकट्याला यादी दिसलेली नसते, त्यामुळे तो संशयाशिवाय दुसरे काही करू शकत नाही.

यातच नॉमिनीचा घोळ मिसळतो. बँकेतल्या ठेवीला, डीमॅट खात्याला, सोसायटीतल्या फ्लॅटला ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे तो स्वतःला मालक समजतो. नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये (विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी) आणि कंपन्यांच्या शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. मग त्या पैशाचा खरा वाटा ठरवणार कोण? मृत्युपत्र असेल तर त्याचा एक्झिक्युटर. म्हणजे नॉमिनीने उचललेले पैसे परत गोळा करून रांगेत लावण्याचे, भांडणाला थेट आमंत्रण देणारे काम त्याच्याकडे येते. बहुतेक घरांत नॉमिनी आणि एक्झिक्युटर ही एकच व्यक्ती असते, आणि तीच मोठी वारसही असते.

थोरला मुलगा, वडिलांचा विश्वासू पुतण्या, आईची काळजी घेणारी लेक. एक्झिक्युटर बहुधा यांच्यातलाच असतो, आणि कायद्याला त्यात काही वावगे वाटत नाही. वाटायचे कारणही नाही, कारण घराची माहिती असलेला माणूसच हे काम नीट करतो. पण एकच माणूस वाटणारा आणि घेणाराही असेल तर त्याच्या प्रत्येक निर्णयाला दोन बाजू येतात. गावाकडची जमीन आत्ता विकायची की थांबायचे? वडिलांनी धाकट्याला दिलेले पैसे कर्ज होते की भेट? वडिलांच्या दुकानात गुंतलेले भांडवल कुणाच्या नावावर धरायचे? कायद्याने एका ठिकाणी हे ओळखले आहे. एक्झिक्युटरने मृताची मालमत्ता स्वतः, उघड किंवा आडून विकत घेतली, तर त्या मालमत्तेत हितसंबंध असलेल्या कुणाच्याही सांगण्यावरून ती विक्री रद्द होऊ शकते. तरतूद चांगली आहे. पण व्यवहार झाला हे कळल्याशिवाय तो रद्द करा म्हणणार कोण?

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग अधिकारच कमी करा, प्रत्येक विक्रीला कोर्टाची परवानगी लावा. हे मला अजिबात मान्य नाही. आल्फ्रेड नोबेलचे उदाहरण घ्या. १८९५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये वकिलाला न विचारता मृत्युपत्र लिहिले आणि जवळजवळ सगळी संपत्ती एका अशा निधीला दिली जो अस्तित्वातच नव्हता. दुसऱ्या वर्षी तो वारला. दोन एक्झिक्युटरांपैकी राग्नार सोलमन तेव्हा २६ वर्षांचा होता. मालमत्ता अनेक देशांत विखुरलेली, नातेवाईक भांडायला उभे, स्वीडनचा राजा नाखूश, आणि पॅरिस हेच नोबेलचे कायमचे ठिकाण ठरले तर फ्रेंच कोर्टात सगळे अडकण्याची भीती. सोलमनने पॅरिसच्या बँकांतून रोखे काढले, पेट्यांत भरले आणि हाताशी रिव्हॉल्वर ठेवून घोडागाडीतून स्टेशनावर पोचवले. १८९८ मध्ये नातेवाइकांशी तडजोड झाली, १९०० मध्ये नोबेल फाउंडेशनचे नियम मंजूर झाले आणि १९०१ मध्ये पहिली पारितोषिके दिली गेली. प्रत्येक पावलाला एखाद्या कोर्टाची परवानगी लागली असती तर नोबेल पारितोषिक हा प्रकार आज आपल्याला माहीतही नसता. एक्झिक्युटरला मोकळे हात हवेतच. कर्ज फेडायला वेळेवर विकावे लागते, पडत्या बाजारातून बाहेर पडावे लागते, कुणाशी तरी तडजोड करावी लागते.

मोकळ्या हातांचा दुसरा नमुना न्यूयॉर्कचा आहे. चित्रकार मार्क रॉथ्को फेब्रुवारी १९७० मध्ये गेला. त्याच्यामागे ७९८ चित्रे होती आणि तीन एक्झिक्युटर: एक हिशेबनीस, एक चित्रकार, एक मानववंशशास्त्राचा प्राध्यापक. तिघेही त्याचे मित्र. तीन महिन्यांच्या आत त्यांनी ही सगळी चित्रे मार्लबरो या एकाच गॅलरीच्या हवाली करणारे करार केले. १०० चित्रे १८ लाख डॉलरला विकली, तीही बारा वर्षांत बिनव्याजी हप्त्यांनी फेडायच्या बोलीवर. उरलेली विक्रीसाठी ठेवली आणि त्यावर गॅलरीला ५० टक्के कमिशन कबूल केले. यातला हिशेबनीस त्याच गॅलरीच्या न्यूयॉर्कमधल्या कंपनीचा पदाधिकारी होता. चित्रकाराला आपल्या चित्रांसाठी त्याच गॅलरीशी संबंध जुळवायचे होते. रॉथ्कोच्या मुलीने कोर्टात धाव घेतली. १९७५ मध्ये कोर्टाने तिघांनाही पदावरून काढले, करार रद्द केले आणि ९० लाख डॉलरहून जास्त भरपाई व दंड लावला. १९७७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला.

तिघांपैकी प्राध्यापकाची कथा मला सर्वांत शिकवणारी वाटते. त्याचा स्वतःचा कोणताही स्वार्थ सिद्ध झाला नाही. सोबत्यांचे हितसंबंध त्याला ठाऊक होते, करार त्याला खटकतही होता, पण वकिलाचा सल्ला ऐकून त्याने सही केली. कोर्टाने त्यालाही भरपाईतून सोडले नाही. आपल्या कायद्यातही हे तत्त्व आहे: कलम ३६८ खाली मालमत्तेची नासाडी केल्याबद्दल एक्झिक्युटरला पदरचे भरावे लागते, आणि कलम ३६९ खाली येणी वसूल करण्यात हयगय केली तरीही. म्हणजे केवळ मान म्हणून नाव लावून घेतलेला, ‘तुम्ही बघा, मी सही करतो’ म्हणणारा दुसरा एक्झिक्युटर मोकळा राहत नाही. मृत्युपत्रात आपले नाव आहे म्हणून सुखावणाऱ्या काका-मामांनी हे एकदा वाचून ठेवावे.

रॉथ्कोच्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे वरवर वाटेल. तिथे प्रोबेट होते. कोर्टात सगळे रीतसर दाखल झाले होते. तरीही चित्रे गेली. हे खरे आहे, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. प्रोबेटमुळे मृत्युपत्र खरे आहे की नाही हे ठरते. ते अमलात आणणारा सरळ वागतो की नाही, याकडे कोर्ट आपणहून रोज पाहत बसत नाही. तिथे जे वाचले ते करार वेळेत उजेडात आले म्हणून, आणि ते समजून घेऊन लढणारी एक वारस होती म्हणून. आपल्याकडेही मृत्युपत्र खरे की खोटे यावर वर्षानुवर्षे दावे चालतात, आणि ते संपल्यावर मालमत्तेचे काय झाले याची चौकशी करायचा दम कुणात उरत नाही. चाचणी महाग, हिशेब दुर्लक्षित, ही आपली जुनी उलटी रीत आहे. डिसेंबरच्या दुरुस्तीने महाग चाचणी ऐच्छिक केली, पण हिशेबाला मोल दिले नाही.

ही पोकळी काल पडलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथल्या मृत्युपत्रांना प्रोबेटची गरज नव्हती, म्हणून तिथल्या एक्झिक्युटरांना कलम ३१७ चा जाच कधी झालाच नाही. आता मुंबईही त्यांच्या रांगेत आली, एवढेच. तक्रार मुंबईची नाही. दुरुस्ती करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना सारखे करायचे होते. ते हिशेब सगळ्यांना लावूनही करता आले असते, पण सगळ्यांना हिशेबातून सोडवून केले गेले.

यावर घरांतून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. हिशेब कसला मागता, घरातला माणूस आहे, वडिलांनी विश्वासाने नेमला आहे. ‘दादाकडे हिशेब मागायचा?’ या एका वाक्याने महाराष्ट्रातल्या किती बहिणींनी आपला वाटा सोडून दिला असेल याची मोजदाद कुणाकडे नाही, पण आपल्या ओळखीतली दोन-चार घरे प्रत्येकाला आठवतील. मागितला तर मागणारी लोभी ठरते, नाही मागितला तर तिला कधी कळत नाही. माहेर तुटू नये म्हणून ती गप्प बसते. हा आक्षेप हिशेबाच्या सक्तीविरुद्ध दिला जातो. मला तो सक्तीच्या बाजूचा सगळ्यांत मोठा मुद्दा वाटतो. कायद्याने ठरलेल्या दिवशी एक्झिक्युटरने यादी धाडायचीच असेल, तर ती कुणाला मागावी लागत नाही. दादा आपणहून पाठवतो, कारण पाठवावीच लागते. कुणाच्या तोंडून अविश्वासाचा शब्द निघत नाही.

वकिलांचा आक्षेप वेगळा. ते म्हणतील, उपाय आहेतच की. वारसाला कोर्टात अॅडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली मालमत्तेची व्यवस्था लावून घेण्याचा, दावा लावता येतो, एक्झिक्युटरकडे हिशेब मागता येतो. कलम ३०१ खाली उच्च न्यायालय एक्झिक्युटरला निलंबित करू शकते, काढूनही टाकू शकते. बरोबर. पण हे सगळे उपाय संशय पक्का झाल्यावरचे आहेत. काय होते आणि काय गेले हे आधी कळावे लागते, नाहीतर दाव्यात लिहिणार काय? आणि उच्च न्यायालय गाठायचे म्हणजे सांगलीच्या एखाद्या विधवा बहिणीने मुंबईचा वकील करायचा. ती नाही करणार. तेवढा खर्च तिच्या वाट्याहून मोठा असतो कित्येकदा.

तिसरा आक्षेप एक्झिक्युटरांच्या बाजूचा आहे आणि त्यात तथ्य आहे. आधीच फुकटचे काम, त्यात हे. निवृत्त झालेला मित्र किंवा नोकरी करणारी लेक बँकेच्या चकरा मारते, लॉकर उघडायला जाते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद घालते, फेरफारासाठी तलाठ्याकडे बसते. तिच्यावर आणखी कागद कशाला? एक उत्तर असे की हिशेब तिच्या रक्षणासाठीच आहे. आज सगळे गोड असताना तोंडी झालेले वाटप सात वर्षांनी उकरून काढले जाते, तेव्हा तिच्याजवळ दाखवायला काही नसते. यादी आणि हिशेब सगळ्यांना पोचले, ठरावीक मुदतीत कुणी हरकत घेतली नाही आणि मग ते प्रकरण बंद, असा नियम असेल तर तिला रात्री शांत झोप लागेल. फसवणूक लपवली असेल तर ती मुदत लागू होणार नाही, हे त्यात आलेच.

दुसरे उत्तर पैशाचे आहे आणि ते बोलायला आपण लाजतो. एक्झिक्युटरला कमिशन घ्यायला कायद्याची मनाई नाही. कलम ३०९ फक्त म्हणते की ते सरकारी अॅडमिनिस्ट्रेटर-जनरलच्या दरापेक्षा जास्त नसावे. तरी घरातला एक्झिक्युटर मोबदला घेत नाही, आणि नातेवाइकांना तेच स्वाभाविक वाटते. मग फुकट राबणाऱ्याला जाब विचारताना जीभ रेटत नाही, आणि फुकट राबणाऱ्यालाही हळूहळू वाटू लागते की थोडे इकडचे तिकडे केले तर काय बिघडले, एवढे कष्ट घेतले आहेत. मृत्युपत्रातच माफक मोबदला लिहून द्यावा. ज्याला पैसे दिले त्याच्याकडे हिशेब मागण्यात संकोच नसतो.

मृत्युपत्र लिहिणाऱ्यांना संसदेची वाट पाहायची गरज नाही. ‘माझ्या एक्झिक्युटरने माझ्या मृत्यूपासून सहा महिन्यांत माझ्या मालमत्तेची आणि कर्जांची यादी, व एक वर्षात हिशेब, ज्यांना मी काही दिले आहे त्या सर्वांना लेखी पाठवावा’ एवढे वाक्य आजच घालता येते. नाव घालण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे, कारण एक्झिक्युटरला नकार देण्याचा हक्क आहे. आणि त्याला मृत्युपत्रात काही दिले असेल तर काम करण्याची तयारी दाखवल्याशिवाय ते त्याला मिळत नाही, हेही सांगावे. वाटेकऱ्यांत अल्पवयीन मूल असेल, मनाने अपंग असलेली व्यक्ती असेल, परदेशी राहणारी लेक असेल, किंवा एक्झिक्युटर स्वतःच सर्वांत मोठा वाटेकरी असेल, तर सक्ती नसली तरी प्रोबेट घ्यावे असे मृत्युपत्रातच लिहावे. तो मार्ग बंद झालेला नाही, फक्त ऐच्छिक झाला आहे.

पण मृत्युपत्रातले वाक्य शहाण्या आणि सावध माणसांपुरते चालते. ज्याच्या दबावाखाली मृत्युपत्र लिहिले गेले तो असे वाक्य घालू देणार नाही. म्हणून कायदाच बदलावा लागेल. कलम ३१७ मध्ये मुदत प्रोबेटपासून न मोजता, एक्झिक्युटरने काम हाती घेतल्यापासून मोजावी. यादी आणि हिशेब कोर्टात देण्याऐवजी मृत्युपत्रातल्या प्रत्येक वाटेकऱ्याला पाठवावेत, म्हणजे कोर्टावर भार नाही. एकट्यालाच सगळे मिळत असेल तर वाटेकऱ्यांच्या यादीतून सूट द्यावी, पण धनकोंचे देणे मात्र लिहावे. यादी न पाठवणाऱ्याला तुरुंगाची भीती घालायची गरज नाही. यादी पोचेपर्यंत त्याने स्वतःचा हिस्सा घेऊ नये आणि त्याला कमिशन मिळू नये, एवढे पुरे. प्रोबेट घेऊनही यादी न देणाऱ्याचे किंवा खोटी देणाऱ्याचे प्रोबेट रद्द होऊ शकते, हे कायद्यात आजही आहेच. त्या कठोरपणातला चतुर्थांश जरी प्रोबेट न घेणाऱ्याला लागू केला, तरी पुष्कळ काम होईल.

ज्यांची मृत्युपत्रे आधीच लिहून झाली आहेत, आणि जे आता वयामुळे किंवा आजारामुळे त्यात एक शब्दही बदलू शकत नाहीत, त्यांच्या वाटेकऱ्यांसाठी याखेरीज दुसरी वाट दिसत नाही.